एक डोकं, एक चाल

जरा डोळे मिटा बरं. मग वाचणार कसं, असं विचारू नका. एक डोळा किलकिला ठेवलात तरी चालेल. आता केस कापायचं एक दुकान डोळ्यांसमोर आणा. फार मोठं नको. आत एकच खुर्ची ठेवा, लोखंडी पायाची, गोल फिरणारी, बसायच्या जागी दोनदा शिवलेली. समोर आरसा लावा. त्याच्या खालच्या कोपऱ्यातला पारा उडालेला आहे, त्यामुळे बुटक्या गिऱ्हाइकाला आपली हनुवटी कधीच दिसत नाही. खुर्चीमागे एक रुंद फळी भिंतीला टेकवा. लहान मूल आलं की ती खुर्चीच्या हातांवर आडवी टाकायची आणि मुलाला वर बसवायचं. खिडकीपाशी वाट बघणाऱ्यांसाठी बाक ठेवा. बाकाशेजारी एक स्टूल, आणि त्या स्टुलावर एक अख्खं शहर.

हो, शहरच. खोक्याच्या झाकणावर रंगाने काढलेलं. एका बाजूने नदी, चहूबाजूंनी तट, तटाला तीन दरवाजे, मधोमध घड्याळाचा मनोरा. शहर शत्रूने बळकावलेलं आहे. रस्त्यांवर काळी बुचं उभी आहेत, ते शत्रूचे शिपाई. तटाबाहेर पांढरी बुचं आहेत, ती शहर सोडवायला आलेली फौज. आणि घराघरांत वीस बटणं आहेत. एकसारखं दुसरं नाही. कुणी कोटाचं, कुणी झबल्याचं, एक तर अर्धं तुटलेलं. ती शहरातली माणसं.

हा खेळ दुकानाच्या मालकांनी, म्हणजे आजोबांनी, पूर्वी आपल्या लेकीसाठी बनवला होता. आता त्या लेकीची लेक सुट्टीला आली होती. वय वर्षं दहा, पाठीवर कमरेपर्यंत वेणी, आणि घाई अशी की जिना उतरताना शेवटच्या तीन पायऱ्या तिला लागतच नसत. आजोबा तिला घाईबाई म्हणत.

खेळाचा नियम एकच महत्त्वाचा होता आणि तो खेळाच्या नियमांच्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेला होता: एक डोकं, एक चाल. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, केस कापून उठलं, की एक चाल नातीची आणि एक आजोबांची. दुसरं गिऱ्हाईक उठेपर्यंत बुचाला बोट लावायचं नाही. आजोबांचं म्हणणं असं की कात्री चालू असताना खेळाचा विचार केला तर गिऱ्हाइकाचा कान धोक्यात येतो. घाईबाईला वाटे, कानाचं काय, प्रत्येकाला दोन असतात.

तिला घाई असायला कारण होतं. ती शाळेत पोहायला शिकत होती. चांगली पोहत होती. पण तेवढी लांब वेणी पाण्यातून निघाली की दुपारपर्यंत पाठीवर ठिबकत राही. तिसऱ्यांदा सर्दी झाली तेव्हा आईने सांगून टाकलं की आता पोहणं बंद. मग केस काप, असं घाईबाईने सुचवलं, तर आईने असं बघितलं की ते वाक्य अर्ध्यावरच बुडालं. ती वेणी आईने रोज सकाळी स्वतः घातलेली, जन्मापासून वाढवलेली. तिला हात लावणं म्हणजे वाघाच्या तोंडात हात घालणं. आजोबांनी हे सगळं ऐकलं आणि म्हणाले, आई न्यायला येईपर्यंत शहर सोडवून दाखव, मग तुझ्या आईशी मी बोलतो आणि कात्रीही मीच धरतो.

म्हणून पहिला डाव तिने चार दिवसांत संपवला. पांढरी बुचं सरळ बाजारदरवाज्यावर घातली. तट फोडला, रस्त्यामागून रस्ता घेतला आणि मनोऱ्यावर आपलं बूच आपटलं. आपटल्याचा आवाज ऐकून दाढीसाठी बाकावर थांबलेल्या पोस्टमननेही मान वळवली.

आजोबांनी वस्तरा पुसला, चष्मा नाकावर सरकवला आणि शहराची पाहणी केली. जिथे लढाई होते तिथली बटणं डबीत जातात, हा दुसरा नियम. डबीत सतरा बटणं होती. शहरात तीन.

"शहर सोडवलंस, शाबास," ते म्हणाले. "आता मला सांग, संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे कोण लावणार?"

घाईबाईने तीन बटणांकडे पाहिलं. त्यातलं एक अर्धं तुटलेलं होतं.

वहीत लिहिलं होतं की निम्मी माणसं गेली तर ते शहर सुटलं असं धरायचं नाही. पोस्टमनने तिची बाजू घ्यायचा प्रयत्न केला. आजोबांनी त्याला खुर्चीत बसवून, गालाला फेस लावून तो प्रश्न मिटवला.

दुसरा डाव मांडला त्या दिवशी मास्तर आले. मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर. डोक्याचा वरचा मजला रिकामा, फक्त कानांच्या वर एकेक झालर. ते दर दोन दिवसांनी यायचे, बाकावर बसून वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे आणि मग झालर नीट करून घ्यायला खुर्चीत बसायचे. चार वेळा कात्री वाजली की झालं. ते उठताच घाईबाईने बूच उचललं. आजोबा म्हणाले, थांब, हे काही अख्खं डोकं नाही.

मास्तरांना ते लागलं. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं तेव्हा हे डोकं अख्खं होतं, असं ते म्हणाले. आजोबांनी मान्य केलं की आतून अख्खं आहे, पण आपला धंदा बाहेरचा. बराच वाद झाला. शेवटी मास्तरांनीच निकाल दिला आणि स्वतःच्या वळणदार अक्षरात वहीत लिहिला: मास्तर उठल्यावर अर्धी चाल, आणि ती फक्त नातीची. अख्ख्या चालीत बूच किंवा बटण, हवं ते हलवता येई; अर्ध्या चालीत मात्र फौजेने हलायचं नाही. शहरातल्या एका माणसाने एक घर हलावं.

घाईबाईला हे भीक घातल्यासारखं वाटलं. बटण हलवून काय मिळणार? बटणाला ना तलवार ना घोडा. पहिल्या दोन अर्ध्या चाली तिने नाक मुरडून कशातरी उरकल्या.

त्या आठवड्यात तिला एक युक्ती सुचली आणि तिथेच तिची गाडी रुळावरून घसरली. डोकी जास्त आली तर चाली जास्त मिळतील, एवढं साधं गणित होतं. ती गल्लीत निघाली. दार वाजवायची आणि गंभीर चेहऱ्याने सांगायची की आजोबांनी विचारलंय, थोड्याच दिवसांत शाळा सुरू होते, गर्दी होईल, आत्ताच का येत नाही? पोरांना आयांनी हाताला धरून आणलं. गाडी दुरुस्त करणारा हात पुसत आला. शिंपी आला, शिंप्याचा भाऊ आला, आणि त्या भावाने परवाच केस कापले होते हे खुर्चीत बसल्यावर त्याच्या लक्षात आलं. एक काकू तर आपल्या कुरळ्या कुत्र्याला घेऊन आल्या. आजोबांनी हात जोडून कुत्र्याला परत पाठवलं. घाईबाईने कुत्रा मोजायचा की नाही ते वहीत शोधलं. नव्हतं लिहिलेलं.

दोन दिवसांत छत्तीस डोकी झाली. आजोबांचा अंगठा कात्रीच्या कडीत सुजला. घाईबाईने छत्तीस चाली खेळल्या, त्यातल्या निम्म्या विचार न करता. या वेळी माणसं मरू नयेत म्हणून ती तट फोडत नव्हती. तटाभोवती नुसती धावत होती. आजोबांची काळी बुचं दर चालीला शांतपणे एकेक घर सरकत होती आणि तावडीत सापडेल ते पांढरं बूच मारत होती. छत्तिसाव्या डोक्यानंतर तिची फौज चौदावरून पाचवर आली. पाच बुचांनी दरवाजा फुटत नाही.

"घाईबाई," आजोबा फरशीवरचे केस झाडत म्हणाले, "फौज संपवलीस ते एक असो. गल्लीतले केसही संपवलेस."

खरंच होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला, तोही पत्र द्यायला. तिने त्याच्या डोक्याकडे आशेने पाहिलं. त्याने टोपी घट्ट दाबली आणि सायकलवर बसला. डोकी तिने उसनी आणली होती, पण केस काही उसने वाढत नाहीत. त्यांना त्यांचा वेळ लागतो.

आता काय करणार? आजोबांनी तिला एक जुना झाडू आणि बोथट टोकाची कात्री दिली. खुंटीला झाडू उलटा टांगला आणि सांगितलं की टोकं एका रेषेत काप. कंगवा आधी, कात्री मागून, आणि एका वेळी दोन बोटांत मावेल तेवढंच. कात्री कुणाला देताना मूठ पुढे करायची, टोक आपल्याकडे. हे त्यांनी तीन वेळा सांगितलं. पहिल्या दिवशी झाडू एका बाजूने टकला झाला. मास्तर म्हणाले, याची आता अर्धी चाल. दुसरा झाडू बरा जमला. तिसऱ्या झाडूची टोकं आजोबांनी डोळ्याजवळ नेऊन पाहिली आणि काहीच बोलले नाहीत. आजोबा चूक काढत नाहीत म्हणजे काय, हे तिला एव्हाना कळलं होतं.

झाडू कापताना हात हळू चालतो आणि डोकं मोकळं असतं. अशाच एका दुपारी तिने वही उघडली आणि पहिल्यांदाच ती शेवटपर्यंत वाचली. सातव्या पानावर, तेलाच्या डागाखाली एक ओळ होती: दरवाज्यापाशी आतून पाच माणसं जमली आणि त्यांनी जोर लावला, तर दरवाजा उघडतो आणि शहर सुटतं.

तिने वही मिटली. मग मास्तरांच्या शेजारी बाकावर जाऊन बसली आणि त्यांना वर्तमानपत्राचं पान उलटून दिलं.

त्या दिवसापासून मास्तरांची बडदास्त वाढली. खिडकीची झडप त्यांच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही अशी तिरकी होऊ लागली. त्यांची झालर जरा जास्तच वाढली आहे, रोज यायला हरकत नाही, असं ती मनापासून सांगू लागली. मास्तर भोळे नव्हते, चाळीस वर्षं वर्गात काढलेली. ते रोज येऊ लागले आणि दर वेळी उठताना म्हणत, "आमची अर्धी चाल घ्या बुवा, गरिबाची."

आजोबा चष्म्यावरून पांढऱ्या बुचांवर नजर ठेवून होते. पाच बुचं जागची फारशी हलत नव्हती म्हणून ते खूश होते. चुकूनमाकून एखादं गिऱ्हाईक आलं तर घाईबाई एखादं बूच पुढे करी आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तेच मागे घेई. आजोबांची काळी बुचं त्याच्या मागे तटावर पळत. इकडे कोटाचं बटण गल्लीतून तटाच्या दुसऱ्या, गिरणीजवळच्या दरवाज्याकडे सरकलं. झबल्याचं त्याच्या मागे गेलं. शत्रूच्या हातावर तुरी देऊन माणसं एकेक घर चालली होती, आणि बटणांकडे कोण बघतं?

सुट्टीचा शेवटचा दिवस उजाडला. गिरणीच्या दरवाज्यापाशी चार बटणं जमली होती. पाचवं, तेच अर्धं तुटलेलं, त्यांच्यापासून एकच घर लांब उभं होतं. एक चाल, बस. अर्धीही पुरली असती. आई सहा वाजता येणार होती.

मास्तर आले नाहीत. निरोप आला की ते बहिणीकडे गेले आहेत.

दुपारचे तीन वाजले, चार वाजले. रस्त्यावरून जाणारं प्रत्येक डोकं घाईबाई दारातून पाहत होती. सगळी नीट, स्वच्छ, कानामागे गोरी रेघ असलेली. बहुतेक तिनेच आणलेली. गाडी दुरुस्त करणाऱ्याने तिला लांबून पाहिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडून गेला. पाच वाजले. आजोबांनी कंगवे धुऊन उपडे घातले आणि आरशावरून फडकं फिरवू लागले.

घाईबाई बाकावर बसली. तिने आरशात पाहिलं. आरशात आजोबा होते, फडकं फिरवणारे. आणि पहिल्यांदाच तिने त्यांच्याकडे गिऱ्हाईक म्हणून पाहिलं. कानांवर केस आलेले. मानेवर कॉलरपर्यंत उतरलेले. गल्लीतल्या प्रत्येकाचं डोकं चकाचक करणाऱ्या माणसाचं स्वतःचं डोकं दोन महिन्यांत कुणी पाहिलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तिने वही उघडली आणि पहिला नियम मोठ्याने वाचला. खुर्चीत बसलं, केस कापून उठलं, की चाल. कुणी कापायचे, ते लिहिलेलं नव्हतं.

आजोबांचा हात आरशावर थांबला.

"म्हणजे मी बसायचं?"

"बसा," घाईबाई म्हणाली. "गर्दी नाहीये."

ते हसले, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसायचे थांबले. साठ वर्षं या दुकानात त्यांनी लोकांना मान खाली घालायला लावली होती. स्वतःची मान कधी कुणाला दिली नव्हती, केसही आरशात बघून स्वतःच कापत. नात आजोबांचा केसाने गळा कापणार, असं पुटपुटत ते खुर्चीत बसले. तिने पांढरं कापड झटकून त्यांच्या गळ्याभोवती बांधलं. उंची पुरेना म्हणून मुलांची फळी जमिनीवर दोन डब्यांवर टाकली आणि तिच्यावर चढली. डबे डुगडुगतात का ते आधी पायाने दाबून पाहिलं, हे आजोबांनी आरशातून टिपलं.

कंगवा आधी, कात्री मागून. दोन बोटांत मावेल तेवढंच. घड्याळात साडेपाच झाले होते आणि तिची बोटं झाडू कापताना चालत तशीच हळू चालत होती. आजोबा आधी थट्टा करत होते, डाव्या कानाला निरोप द्यायचा राहिला वगैरे. मग त्यांनी डोळे मिटले.

सहाला पाच मिनिटं असताना दारात आई उभी राहिली. हातात पिशवी, एक पाय उंबऱ्याच्या आत. तिचे वडील खुर्चीत, मान खाली घातलेली. मागे तिची लेक, जीभ दातांत धरून मानेवरची रेघ सरळ करत होती.

"हलू नकोस गं," आजोबा दारातल्या लेकीची पावलं ओळखून डोळे मिटूनच म्हणाले, "मी हलू शकत नाही, तर तूही हलू नकोस."

रेघ पूर्ण झाली. मानेवरचे केस झाडून झाले. तिने कापड सोडलं आणि आजोबा उठले. आरशात त्यांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. उजवा कल्ला गव्हाच्या दाण्याएवढा आखूड होता. ते काहीच बोलले नाहीत.

घाईबाई स्टुलापाशी गेली. आई मागून पाहत होती. या शहरापाशी ती स्वतः किती सुट्ट्या बसली होती, आणि दर वेळी तट फोडून डबी भरली होती. लेक पांढऱ्या बुचांना हात लावत नाही हे पाहून तिला नवल वाटलं. लेकीने अर्धं तुटलेलं बटण उचललं आणि एक घर पुढे ठेवलं. अगदी अलगद.

"दरवाजा उघडला," ती म्हणाली. "डबीत कुणी नाही."

आजोबा वाकून पाहत राहिले. पाच बटणं. बाकीची पंधरा आपापल्या घरी. एकाच्याही केसाला धक्का नाही. काळी बुचं तटावर भलतीकडे तोंड करून उभी होती.

"हा आतून उघडतो?" आईने विचारलं.

"सातव्या पानावर लिहिलंय," आजोबा म्हणाले. "तू कधी वाचलंस?"

आजोबांनी पैज सांगितली, पोहण्याचं सांगितलं, शब्द दिला होता तेही सांगितलं आणि कापड झटकून हातात घेतलं. शब्द तो शब्द, ते म्हणाले, पण आपल्या लेकीकडे बघत नव्हते. आईने पिशवी खाली ठेवली. तिची नजर वेणीवर होती, आणि त्या नजरेत राग नव्हता, तर दुसरंच काहीतरी होतं; त्यापेक्षा राग असता तर बरं झालं असतं.

घाईबाईने ते पाहिलं. तिने फळी उचलून खुर्चीच्या हातांवर आडवी टाकली आणि वर चढून बसली. वेणी खांद्यावरून पुढे घेतली, टोकाची रिबीन सोडली. मग मांडणीवरची कात्री घेतली आणि आजोबांच्या पसरलेल्या हाताला वळसा घालून आईसमोर धरली, मूठ पुढे, टोक आपल्याकडे.

"आता तुझी चाल," ती म्हणाली. "कुठपर्यंत ते तू ठरव."

आणि मान खाली घालून, अजिबात घाई न करता, ती वाट बघत बसली.